‘हे तर उघडच आहे’ हे कुणाला सांगायचं?

*ताई, मी मूळचा चिपळूणचा. गेली चार वर्षं मस्कतला, रुवीत राहतो. एका बांधकाम कंपनीत पत्रव्यवहार बघतो. पुण्यात संध्याकाळच्या वर्गाला जाऊन अरबी शिकलो होतो, त्यामुळे सरकारी कार्यालयांना जाणाऱ्या अरबी पत्रांचे मसुदे आता माझ्याकडेच येतात. मागच्या महिन्यात एका ग्राहक-कार्यालयात चार महिने अडकलेल्या बिलाबद्दल पत्र लिहिलं. सुरुवात अशी केली: ‘मिनल्-बदीही अन्नल्-मुस्तहक्काति तुद्फउ फी मवाईदिहा’. म्हणजे ‘देणी ठरल्या वेळी चुकती केली जातात, हे स्वयंसिद्ध आहे.’ आमचे साहेब इजिप्तचे. त्यांनी पहिल्या दोन शब्दांभोवती लाल गोल काढला आणि समासात लिहिलं, ‘हल नुदर्रिसुहुमुल्-हन्दसा?’ (आपण त्यांना भूमिती शिकवतोय का?) कागद टेबलावरून टेबलावर फिरला, सगळे हसले. त्याच आठवड्यात निझवाच्या रस्त्यावर आमच्या ओमानी ड्रायव्हरने विचारलं, चहाला थांबायचं ना? मी म्हणालो, ‘मिनल्-बदीही!’ तेव्हापासून तो मला ‘उस्ताज़ बदीही’ म्हणतो. शब्दकोशात तर या शब्दाचा अर्थ ‘उघड, स्वयंसिद्ध’ असाच दिलाय. मग माझं चुकलं कुठे? आणि अशा ठिकाणी लिहायचं तरी काय?*
*— एक वाचक, मस्कत*

तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. व्याकरणात काडीची खोट नाही, हे आधी सांगते, कारण पत्रभर ती धाकधूक जाणवते. ‘अन्न’ म्हणजे ‘की’. त्याच्यानंतर येणाऱ्या नामाला अकारान्त प्रत्यय लागतो, पण ‘आत’ने संपणारी स्त्रीलिंगी बहुवचनं त्या जागी अकार न घेता इकार घेतात. म्हणून ‘मुस्तहक्कात’चं ‘मुस्तहक्काति’ झालं. इथे चांगले चांगले घसरतात. तुम्ही घसरला नाहीत. तेव्हा साहेबांचा लाल गोल व्याकरणाभोवती नव्हताच.

त्यांचा शेरा मात्र बहारीचा आहे, आणि त्यातला अर्धा विनोद ऑफिसच्या हशात वाया गेला असावा अशी मला शंका आहे. ‘हन्दसा’ म्हणजे भूमिती, तसंच ‘हन्दसा’ म्हणजे इंजिनिअरिंगही. बांधकामाची बिलं तपासणारा समोरचा माणूस बहुधा इंजिनिअरच, म्हणजे ‘मुहन्दिस’. इंजिनिअरला हन्दसा शिकवायला निघालात का, असं ते विचारतायत. (हा शब्द अरबांनी फारसीतल्या ‘अंदाज़ा’वरून, म्हणजे मोजमापावरून घेतला. आपला ‘अंदाज’ त्याच घरचा. भूमिती आणि अंदाज सख्खी भावंडं निघावीत, हे आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंना मुळीच आवडलं नसतं.)

भूमिती त्यांना का आठवली, याच्यातच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे.

‘बदीही’चा धातू ब-द-ह. द आणि ह वेगवेगळे उच्चारायचे, त्यांचा ‘ध’ होऊ द्यायचा नाही. मूळ अर्थ एकदम समोर येऊन उभं राहणं, अवचित गाठणं. त्यावरून ‘बदीहा’ म्हणजे विचार करायला उसंत न घेता मनात उमटलेली गोष्ट. ज्याला आपण हजरजबाबी म्हणतो त्याला अरबीत ‘हाज़िरुल्-बदीहा’ म्हणतात, आणि आपल्या ‘हजरजबाबी’तले ‘हजर’ व ‘जबाब’ हे दोन्ही शब्दही तिकडूनच आलेत, हे तुम्हांला एव्हाना कळलं असेलच.

नवव्या शतकातल्या अबू तम्माम या कवीची एक गोष्ट अरबी शिकणाऱ्यांच्या कानावर कधी ना कधी पडते. खलिफा मुअतसिमच्या मुलापुढे, अहमदपुढे, तो स्तुतिकाव्य म्हणत होता. अम्रचं धाडस, हातिमचं औदार्य, अहनफची सहनशीलता, इयासची तल्लख बुद्धी, हे सगळं या राजपुत्रात एकवटलंय, अशी ओळ आली. हातिम म्हणजे आपला हातिमताईच. सभेत तत्त्वज्ञ किंदी बसले होते, असं सांगतात. ते म्हणाले, राजपुत्र या सगळ्यांच्या वरचा आहे, त्याला तू कुणाच्या पंगतीत बसवतोयस? कवीने क्षणभर मान खाली घातली आणि दोन नव्या ओळी म्हटल्या. भावार्थ असा की त्याहून कमी प्रतीच्या माणसांची उपमा दिली म्हणून रागावू नका, देवानेही आपल्या तेजाला कोनाड्यातल्या दिव्याचीच उपमा दिली आहे. नंतर त्याच्या हातातला कागद घेऊन पाहिला, तर त्यात त्या दोन ओळी नव्हत्याच. ही बदीहा.

कवींच्या सभेतला हा शब्द तर्कशास्त्र्यांनी उचलला आणि त्याला शिस्तीत बसवलं. ज्ञानाच्या त्यांनी दोन जाती केल्या. एक ‘नज़री’, म्हणजे विचार करून, पुरावे जुळवून मिळवायचं ज्ञान. दुसरं ‘बदीही’, ज्याला त्या खटाटोपाची गरजच नाही. शरीफ जुर्जानी (मृत्यू १४१३) यांनी संज्ञांचा कोश केला, त्यात ही व्याख्या दिली आहे: जे मिळायला चिंतन आणि कमाई लागत नाही, ते बदीही. उदाहरणंही कशी? उष्ण म्हणजे काय, थंड म्हणजे काय, याची कल्पना. किंवा एकाच गोष्टीबद्दल ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही, हे विधान. त्यांच्या आधी तीन शतकं धर्मपंडित गझाली (मृत्यू ११११) आत्मकथनात म्हणून गेले होते की दहा हे तीनापेक्षा जास्त, हे मला माहीत आहे. आता कुणी येऊन म्हणाला, नाही, तीन जास्त, आणि पुरावा म्हणून या काठीचा साप करून दाखवतो, आणि त्याने खरंच तो करून दाखवला, तरी मी त्याच्या करामतीचं नवल करीन, माझ्या दहाबद्दल शंका घेणार नाही.

आता या पंक्तीत तुमचं बिल बसवून बघा. संपूर्ण हे भागापेक्षा मोठं असतं, दहा तीनापेक्षा जास्त असतात, आणि ओमानमधल्या अमुक कार्यालयाने तमुक कंत्राटदाराचे पैसे वेळेत द्यायचे असतात. तिसरी गोष्ट कुणाच्या मनात आपोआप उमटत नाही. ती करारात लिहिलेली असते म्हणून खरी असते. करारात मुदत तीस दिवसांची असू शकते, साठ दिवसांची असू शकते, काम तपासून सही झाल्यावर ती सुरू होईल असंही कलम असू शकतं. म्हणजे तर्कशास्त्र्यांच्या भाषेत तुमची मागणी अस्सल ‘नज़री’. तिला पुरावा लागतो, आणि तो तुमच्या फायलीत आहे. पुरावा खिशात असताना तुम्ही ‘पुराव्याची गरज नाही’ असं लिहिलंत.

दुसरं असं की वाचणाऱ्याला ते कसं लागलं असतं? ‘बदीही’ गोष्ट ज्याला कळत नाही, त्याच्या अकलेबद्दलच प्रश्न उभा राहतो. चार महिने बिल दाबून ठेवलेल्या माणसाला हे वाक्य ‘एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं’ असं ऐकू आलं असतं. तुमच्या मनात ते नव्हतं, हे मला पटतं. मराठीत आपण ‘साहजिकच’, ‘अर्थातच’ हे शब्द वाक्याच्या तोंडी मीठभाकरीसारखे वापरतो आणि ते कुणाला बोचत नाहीत. तुम्ही कोशात ‘साहजिक’ शोधलात आणि अरबीतला सगळ्यात वजनदार शब्द हाती आला, एवढंच झालं.

अरबीत ‘उघड आहे’ म्हणण्याच्या डझनभर तऱ्हा आहेत आणि कोशात त्या सगळ्यांपुढे जवळपास एकच अर्थ छापलेला असतो. मी अनुवादाचं काम सुरू केलं तेव्हा त्या एकमेकींच्या जागी बिनधास्त ठेवायचे. पुढे एका वयस्क सीरियन सहकाऱ्याने मला एक प्रश्न विचारायला शिकवलं: ‘ही गोष्ट माहीत असण्याची जबाबदारी या वाक्यात कुणावर टाकली आहे?’ तेव्हापासून गोंधळ बराच कमी झाला.

‘मिनल्-बदीही’मध्ये जबाबदारी ऐकणाऱ्याच्या बुद्धीवर आहे. ‘मिनल्-मुसल्लमि बिही अन्न’मध्ये ती सगळ्यांच्या संमतीवर आहे. मुसल्लम म्हणजे मान्य करून टाकलेलं, वाद मिटवून हातावेगळं केलेलं. स-ल-म हा धातू. ‘सलाम’ त्याचाच, आणि लग्नाच्या पंगतीत अख्खी कोंबडी म्हणून येतो तो ‘मुर्ग मुसल्लम’ही त्याचाच, कारण उर्दूत मुसल्लम म्हणजे साबूत, न तोडलेलं. गणितात ‘बदीहिय्या’ म्हणजे आपलं स्वयंसिद्ध आणि ‘मुसल्लमा’ म्हणजे गृहीतक. मराठीत ‘मला गृहीत धरू नका’ म्हणून माणसं भांडतात, तेव्हा हा शब्दप्रयोग पैशाच्या पत्रात कितपत चालेल ते तुम्हीच ठरवा. वादात मात्र तो उत्तम: ‘इथवर आपलं दोघांचं एकमत आहे, आता पुढचं बोलू.’

‘मिनल्-वाज़िहि अन्न’ ही तिसरी तऱ्हा. इथे जबाबदारी समोर ठेवलेल्या कागदांवर आहे. वाज़िह म्हणजे स्पष्ट दिसणारं, पण बघितल्यावर दिसणारं. ‘जोडलेल्या तक्त्यावरून स्पष्ट होतं की’ असं लिहायचं असेल तर हाच शब्द घ्यायचा. बदीहीला तक्ता जोडणं म्हणजे दिवसा कंदील घेऊन निघण्यासारखं. अग्रलेखात याचीच सजवलेली आवृत्ती येते, ‘भर दुपारच्या सूर्यासारखं स्पष्ट’. आपल्याकडे सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ म्हणतात, तेच. सरकारी पत्रात ही सजावट नको.

चौथी तऱ्हा मला सगळ्यात देखणी वाटते: ‘ग़नीय्युन अनिल्-बयान’. ग़नी म्हणजे श्रीमंत, आणि ‘अन’ जोडलं की ‘ज्याला अमुक गोष्टीची गरज नाही’. ही गोष्ट इतकी श्रीमंत आहे की तिला खुलाशाची भीक नको! इथे जबाबदारी कुणाच्याच अकलेवर नाही, गोष्टीच्या स्वतःच्या ऐपतीवर आहे, म्हणून ती बोचत नाही. पाहुण्याची ओळख करून देताना ‘ग़नीय्युन अनित्-तअरीफ’ म्हणतात, ज्यांना ओळखीची गरज नाही ते. तअरीफ म्हणजे तिथे व्याख्या, ओळख. आपल्याकडे येता येता त्याची ‘तारीफ’ झाली. ओळख करून देताना माणसं स्तुती केल्याशिवाय राहतच नाहीत, हे शब्दाच्या प्रवासातही दिसतं.

‘मिन नाफिलतिल्-कौलि अन्न’ही त्याच कुळातली. नाफिला म्हणजे फर्ज़, म्हणजे सक्तीच्या, नमाजांव्यतिरिक्त स्वखुशीने पढलेली जादा नमाज. म्हणजे ‘हे सांगणं जादाचं आहे, तरी सांगतो’. भाषणाला छान, पत्राला जड.

आणि एक तऱ्हा निव्वळ सावधगिरीसाठी सांगते. ‘मअलूम बिज़्-ज़रूरा’ असं काही कुठे वाचलंत तर सहज उचलून वापरू नका. ‘मालूम’ आणि ‘जरूर’ हे आपल्याला घरचे वाटतात, पण धर्मशास्त्रात हा घट्ट पारिभाषिक शब्द आहे. पाच वेळची नमाज, रमजानचे रोजे यांसारख्या, धर्मात असल्याचं प्रत्येकाला ठाऊकच असतं अशा गोष्टींसाठी तो राखलेला, आणि ते नाकारणं हा तिथे फार गंभीर मामला. बिलाच्या पत्रात तो घातला असतात, तर साहेबांनी लाल पेन खाली ठेवून तुम्हांला केबिनमध्येच बोलावलं असतं.

आता तुमच्या कामाची. ‘कमा ला यख़्फा अलैकुम’. शब्दशः, ‘जसं आपल्यापासून लपलेलं नाही’. बघा काय केलंय. गोष्ट तीच, पण इथे ती माहीत असण्याचा मान समोरच्याला दिलाय. तुम्हांला कळत नाही असं न म्हणता, तुम्हांला कळतंच, असं म्हटलंय. ही रीत आपल्याला नवी नाही. जुन्या मोडी पत्रांच्या शेवटी ‘बहुत काय लिहिणे, आपण सुज्ञ असा’ येतं ना, तेच हे. त्या एका ओळीत आधी मागितलेलं सगळं पुन्हा मागितलेलं असतं, आणि मागणाऱ्याची मान खाली गेलेली नसते.

‘अलैकुम’च्या जागी आदराचं संबोधन घालता येतं. ‘अला हज़रतिकुम’ सर्वसाधारण आदराचं (हा ‘हज़रत’ तुमच्या हजेरीच्या ‘हजर’चा भाऊ), ‘अला सआदतिकुम’ वरच्या पदांसाठी. ओमानमध्ये पत्राच्या माथ्यावर ‘अल्-फ़ाज़िल’ सर्रास दिसतं. कुणाला कोणतं, हे कोशात सापडणार नाही. तुमच्या फायलीत त्याच कार्यालयाकडून आलेली जुनी पत्रं असतील; ते स्वतःला आणि एकमेकांना काय म्हणतात ते बघा आणि तसंच उतरवा.

मग तुमचा परिच्छेद मी असा लिहीन: ‘कमा ला यख़्फा अला हज़रतिकुम, फ़-इन्नल्-अक्द यनुस्सु अला सदादिल्-मुस्तहक्कात ख़िलाल सलासीन यौमन’. आपल्याला ठाऊक आहेच की करारात देणी तीस दिवसांत चुकती करण्याची तरतूद आहे. तीसच्या जागी तुमच्या कराराचा खरा आकडा घाला आणि ‘अक्द’च्या आधी कलमाचा क्रमांक. क्रमांक विसरू नका. सगळं वजन त्याच्यात आहे. त्यानंतर एका ओळीत बिल कोणत्या तारखेला दिलं आणि पोच कोणत्या तारखेची आहे. आणि मग ‘नर्जू मिन हज़रतिकुमुत्-तकर्रुम बि…’, म्हणजे ‘कृपा करून अमुक करावं ही विनंती’. संपलं. रागाचा एक शब्द नाही, आणि वाचणाऱ्याला पळायला वाटही नाही.

एक धोका आहे, तोही सांगते. ‘ला यख़्फा’ एका पत्रात एकदाच. दुसऱ्यांदा आलं की त्याचा सूर बदलतो आणि ते ‘तुम्हांला माहीत नसेल असं थोडंच आहे!’ असं वाजायला लागतं. तिसऱ्या स्मरणपत्रात तर ते काढूनच टाका, थेट कलमापासून सुरुवात करा. तिथे मान देत बसलात तर टोमणा मारला असंच वाटेल.

मग ‘मिनल्-बदीही’ फेकूनच द्यायचं का? छे. प्रबंधात, अग्रलेखात, वादसभेत त्याच्यासारखा शब्द नाही. नकारात तर तो फारच कामाचा: ‘लैस मिनल्-बदीही अन्न’, अमुक गोष्ट तुम्ही धरून चालताय, पण ती काही स्वयंसिद्ध नाही. समोरच्याच्या सगळ्या इमारतीखालची वीट या एका वाक्याने सरकते. अनेकवचनात ‘बदीहिय्यात’ म्हणजे एखाद्या कामातली बाराखडी. ‘सुआल बदीही’ म्हणजे ज्याचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे असा प्रश्न. शिवाय ‘बदाहतन’ असं एकाच शब्दात क्रियाविशेषण करता येतं, आणि बाकीचं वाक्य साधं असेल तर ते तितकं अंगावर येत नाही.

व्याकरणाचा एक बारकावा, कारण तुम्ही त्यातले दिसता. ‘अन्न’ आणि ‘अन’ यांत गफलत करू नका (‘ग़नी’पुढचा ‘अन’ वेगळा). ‘अन्न’नंतर नाम किंवा सर्वनाम येतं आणि ते घडलेली, ठरलेली गोष्ट सांगतं. ‘अन’नंतर क्रियापद येतं आणि ते अपेक्षा सांगतं. ‘मिनत्-तबीई अन यग़्ज़ब’, तो चिडणं स्वाभाविक आहे. इथे तो अजून चिडलाच पाहिजे असं नाही. ‘बदीही’बरोबर बहुतेक वेळा जड ‘अन्न’च शोभतं. आणि उद्या कुणी कट्टर शुद्धलेखनवाला म्हणाला की ‘बदीही’ चूक, ‘बदही’ बरोबर, तर घाबरू नका. ‘मदीना’चं ‘मदनी’ होतं त्या नियमाने ‘बदीहा’चं ‘बदही’ व्हायला हवं, हा त्यांचा मुद्दा खरा आहे. पण त्याच नियमाने ‘तबीआ’चं ‘तबई’ व्हायला हवं होतं, आणि सगळं अरब जग ‘तबीई’च म्हणतं. मी ‘बदीही’च लिहिते. साहेब ‘बदही’वाले निघाले तर मात्र वाद घालू नका, पगार ते काढतात.

तुमच्या साहेबांना आणखी एक शेरा मारता आला असता, तो त्यांनी मारला नाही म्हणून मला जरा चुटपुट लागली. अरबीत ‘तहसील हासिल’ म्हणतात, म्हणजे मिळालेलंच पुन्हा मिळवणं. सांगून झालेलं, सगळ्यांना ठाऊक असलेलं पुन्हा सांगणं. आपण तहसीलदाराच्या कचेरीत तास तास ताटकळतो आणि ‘त्याने काय हासील?’ असं विचारतो, पण हे दोन शब्द शेजारी ठेवून अशी थप्पड मारता येते हे काही आपल्याला सुचलं नाही. याच कामासाठी त्यांच्याकडे एक चालतं कडवंही आहे: आपल्या सभोवती पाणी, आणि आपण बसलेलो, जणू काही माणसं बसली आहेत आणि त्यांच्या सभोवती पाणी आहे. कुणी गंभीर चेहऱ्याने अगदी उघड गोष्ट सांगू लागला की मंडळी हे कडवं म्हणतात. तुमच्या ऑफिसात एखाद्या बैठकीनंतर हळूच म्हणून बघा, साहेब खूश होतील.

राहता राहिला ड्रायव्हर. तिथे शब्द चुकीचा नव्हता, कपडे चुकीचे होते. बोलायची अरबी आणि लिहायची अरबी यांच्यात किती अंतर आहे ते तुम्ही चार वर्षांत पाहिलंच असेल. चहाच्या टपरीसमोर ‘मिनल्-बदीही’ म्हणणं म्हणजे चिपळूणच्या एसटी स्टँडवर कुणी ‘चहा घेणार का?’ विचारल्यावर ‘हे तर स्वयंसिद्ध आहे’ म्हणणं. ऐकणाऱ्याला राग येत नाही, त्याला तुम्ही आवडायला लागता. पण पाच-सहा महिने तो ती गोष्ट सगळ्यांना सांगत सुटतो.

तिथे दोन शब्द पुरेत. ‘तबअन’, म्हणजे अर्थातच. तो आपल्या ‘तब्येती’च्या धातूचा. त्याचाच लांबलचक लेखी भाऊ ‘बि-तबीअतिल्-हाल’ पत्रात वापरता येतो आणि तो कुणालाच बोचत नाही. ‘तब्येत’ आणि ‘हाल’ एकाच वाक्प्रचारात असूनही त्याचा अर्थ ‘साहजिकच’ एवढाच, कुणी आजारी नाही. दुसरा शब्द ‘अकीद’, नक्कीच. निझवाकडे पुन्हा निघालात आणि त्याने करक चहासाठी गाडी बाजूला घ्यायची का विचारलं, तर ‘अकीद’ म्हणा आणि दार उघडून उतरा.

‘उस्ताज़ बदीही’ हे नाव मात्र आता सुटेल असं मला वाटत नाही.